बिनकोपऱ्याचं घर

सिमेंटच्या अर्जात 'कशासाठी हवे' असा एक रकाना होता. मी त्यात 'घरासाठी' असं लिहिलं आणि तिथंच माझं चुकलं. तालुक्याच्या कचेरीतले कारकून लडकूराव यांनी अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली आणि म्हणाले, "मास्तर, घरासाठी तर सगळेच मागतात."

लढाई संपून वर्ष होत आलं होतं. शिपाई घरी परतले होते, सिमेंट मात्र अजून आघाडीवरच होतं. "मग कशासाठी लिहू?" मी विचारलं. "ते तुम्ही ठरवा. सरकारला पटलं पाहिजे," ते म्हणाले. आता मी कर्जतच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. तालुक्यातल्या निम्म्या कारकुनांना सरळ रेघ मी शिकवली आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ती आलेली नाही. अशा माणसानं सरकारला पटवत बसावं, हे मला पटेना. अर्जाची घडी करून मी बाहेर पडलो.

घर मात्र हवंच होतं. आम्ही अकरा वर्षं धाकलूशेठच्या भातगिरणीवरच्या एका खोलीत राहत होतो. गिरणी सुरू झाली की फळीवरच्या कपबशा आपल्या पायांनी चालत टोकापर्यंत येत आणि माझी बायको इंदू त्या न बघता झेलत असे. खाली इंजिन, वर पत्रा. खोलीच्या चारही कोपऱ्यांत धाकलूशेठची भाताची पोती रचलेली होती, आमच्याकडे फक्त मधला भाग होता. त्यात धाकलूशेठच्या मुलाचं लग्न ठरलं आणि नारळी पौर्णिमेपर्यंत खोली रिकामी करा, असा निरोप आला.

जागेची अडचण नव्हती. इंदूला तिच्या वडिलांनी कळंबच्या रस्त्याला, ओढ्याकाठी तीन गुंठे जमीन दिली होती. इंदूचं मागणंही फार नव्हतं. "मला माडी नको, सज्जा नको," ती म्हणाली. "पौर्णिमेच्या आत डोक्यावर छप्पर हवं. आणि केरसुणी उभी करता येईल असा एक कोपरा." हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं, तर पुढची गोष्ट सांगायला उरली नसती.

चैत्राच्या उन्हात मी त्या जागेवर उभा होतो. सावलीला झाड नाही. शेजारी ओढ्याच्या काठावर एक पुरुषभर उंचीचं जुनं वारूळ होतं. कधीतरी एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं की, बाहेर कितीही ऊन असो, वारुळाच्या आत हवा खेळती राहते. चित्रकाराचा स्वभाव असा की वाचलेलं तो डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानत नाही, आणि पाहिलेलं हात लावल्याशिवाय. मी वारुळाच्या एका भोकात कोपरापर्यंत हात घातला. आत गार होतं.

"मास्तर, हात काढ," मागून आवाज आला. "घरी बायको हाय ना?"

हा जैतू. डोंगराखालच्या ठाकरवाडीतला. भिंती थापण्यात त्याच्या हाताला तोड नाही आणि बोलण्यात तो मामलेदारालाही अरेतुरे करतो. मी हात काढला, झाडला आणि त्याला तिथल्या तिथे माझी कल्पना सांगितली. ना सिमेंट, ना लोखंड, ना परमिट. वारुळासारखंच घर बांधायचं. गोल, वर निमुळतं, अंगाला अकरा भोकं. गरम हवा वरच्या भोकांतून जाईल, गार हवा खालच्या भोकांतून येईल. लाखो वर्षं त्या किड्यांनी हा नकाशा गिरवला आहे, आपण फक्त नक्कल करायची.

जैतूनं शांतपणे ऐकून घेतलं. "आनि मानसं?" त्यानं विचारलं.

"माणसं आत राहतील."

"मुंग्यांवानी?"

मी त्याला म्हटलं की, मोठ्या कल्पना पहिल्यांदा ऐकल्या की अशाच वाटतात. तो म्हणाला की त्यानं ही पहिल्यांदाच ऐकली, म्हणून तसं वाटत असंल.

नकाशा मी आठ दिवस काढला. आयुष्यात इतका सुंदर कागद माझ्या हातून उतरला नव्हता. तो पाहून आमचे शेजारी गजाभाऊ, जे रस्त्यांच्या खात्यातून मिस्त्री म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून सगळ्यांच्या घरांवर देखरेख करतात, चष्मा पुसून कागदावर वाकले. मग त्यांनी एकेक प्रश्न काढायला सुरुवात केली. देव ईशान्य कोपऱ्यात ठेवतात, गोल घराचा ईशान्य कोपरा कुठला? कपाट भिंतीला टेकवलं, तर मागे जी पोकळी उरेल तीत मांजर व्यायली तर काढायची कशी? पाहुणा रुसून कोपऱ्यात बसतो म्हणाला तर त्याला कुठं बसवायचं? मी म्हटलं, "गजाभाऊ, निसर्गात कोपरा नाही. आंब्याला कोपरा आहे का? अंड्याला आहे?" गजाभाऊ म्हणाले, "अंड्यात कोणी संसार करत नाही मास्तर. जो आत असतो, तो पहिली संधी मिळताच फोडून बाहेर येतो."

इंदूनं नकाशा बघितला आणि केरसुणी कुठे ठेवायची एवढंच विचारलं. मी एक सुबक केरसुणी काढून ती भिंतीला टेकवून दाखवली. ती म्हणाली, "चित्रातली राहील."

बांधकामाची नोंद करायला मी पुन्हा लडकूरावांकडे गेलो. त्यांनी मोठं पुस्तक उघडलं, टाक बुडवला आणि म्हणाले, "चतुःसीमा सांगा. घराच्या पूर्व बाजूला काय?"

"घराला पूर्व बाजू नाही," मी म्हणालो. "म्हणजे पूर्व आहे, पण बाजू नाही. घर गोल आहे."

त्यांनी टाक खाली ठेवला. चार सीमा असल्याशिवाय घर होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी विहिरीचं उदाहरण दिलं. ते म्हणाले, विहिरीची नोंद विहिरीच्या पुस्तकात होते, तुम्ही विहिरीत राहणार असाल तर तसा अर्ज द्या. मी म्हटलं, एकच सीमा लिहा, सगळीकडून. ते म्हणाले, रकाने चार छापले आहेत, तीन मोकळे सोडले तर वरचे साहेब मला विचारतील की बाकीचं घर कुठे गेलं. शेवटी त्यांनी तोडगा सांगितला. आधी बांधा, मग बघायला येऊ. बघितल्यावर काय आहे ते कळेल, आणि मग त्याला काय म्हणायचं ते ठरवू. माझ्या कलाकृतीबद्दल इतका अपमानकारक मोकळेपणा मी आजवर ऐकला नव्हता.

वैशाखात काम सुरू झालं. दुसऱ्याच दिवशी नकाशाला वाळवी लागली. दगडाखाली ठेवलेल्या कागदाची सकाळी फक्त चौकट उरली होती. ज्यांची मूळ कल्पना, त्यांनीच ती परत नेली म्हणायची. मी नव्या दमानं तोंडी सूचना देऊ लागलो.

खरा प्रश्न मातीचा होता. ओढ्याची माती भुसभुशीत, वाळली की तडकायची. मग माझ्या ध्यानात आलं की उत्तम माती शेजारीच तयार आहे. वारुळाची. त्या किड्यांनी आपली लाळ घालून ती आधीच मळून ठेवलेली.

"ती नको," जैतू म्हणाला. "अंबाबाई म्हातारी आन् गावच्या बाया नागपंचमीला तिथं पूजा करत्यात."

"अरे, रिकामं आहे ते. मी हात घालून बघितलंय."

"देऊळबी दुपारचं रिकामंच असतंय."

मी त्याला थोडं विज्ञान सांगितलं. ते ऐकून त्यानं विडी पेटवली आणि व्यवहाराचं बोलला. "माती तू खण. मी थापतो. पाप तुझं, काम माझं." तीन दिवस मी स्वतः ते वारूळ खणलं. हाताला फोड आले. ब्रश धरणाऱ्या हातांनी आणखी काय करायचं राहिलं होतं? जैतूनं त्या मातीत पेंढा, शेण आणि भाताचं तूस घालून ती तुडवली आणि थरावर थर चढवत गेला. ज्येष्ठ संपता संपता घर उभं राहिलं. वर निमुळतं, अंगाला अकरा भोकं आणि तळाशी रांगत जाण्याएवढी एक वाट. मोठं दार आणि दोन खिडक्या भिंत वाळल्यावर कोरायच्या, असा माझा बेत होता, कारण ओल्या भिंतीला दार पाडलं तर घर दारावर बसतं.

भिंत वाळायला हवी आणि आषाढ तर समोर उभा. पुन्हा निसर्गच मदतीला आला. लावणीच्या वेळी आमच्याकडची माणसं पाठीवर बांबूचं आणि पानांचं इरलं घेऊन शेतात वाकतात. पाऊस वरून निघून जातो, खालचा माणूस कोरडा. मी जैतूकडून घराच्या मापाचं एक इरलं करून घेतलं. ते चढवायला आठ माणसं लागली. लांबून बघितलं की एक अवाढव्य बाई शेतात ओणवी होऊन काहीतरी शोधते आहे, असं वाटायचं. गजाभाऊ मुद्दाम छत्री घेऊन बघायला आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं घर लावणीला निघालंय. मजुरी ठरवून घ्या." कळंबकडून येणाऱ्या एका म्हाताऱ्यानं धुक्यात त्याला वाट विचारली आणि उत्तर मिळालं नाही म्हणून शिव्या दिल्या, असं ऐकलं.

भिंत वाळत होती, पण आषाढाच्या हवेत ती किती वाळणार? नारळी पौर्णिमा दहा दिवसांवर आली. इंदूनं भांडी गोणपाटात बांधली होती. पोत्यांमधल्या त्या जागेत ती गाठोड्यावरच बसून स्वयंपाक करत होती आणि मला काही विचारत नव्हती. न विचारणं हे तिचं सगळ्यात मोठं विचारणं असतं. आता दार कोरायलाच हवं होतं. मी शाळेच्या सुट्टीचा दिवस धरला. ती सुट्टी नागपंचमीची होती.

"आज चिरायचं, कापायचं, खणायचं नसतं," इंदू म्हणाली.

"आपल्याला भाजी चिरायची नाही. भिंत चिरायची आहे."

"भाजीला नाही म्हटलं, तर भिंतीला हो म्हणतील का?"

जैतूनं आज कुदळीला हात लावणार नाही असं आदल्या दिवशीच सांगितलं होतं. मी एकटा पहार घेऊन गेलो. इरलं उतरवायला मात्र तिघं रस्त्यावरचे गडी मिळाले, तेवढं करून तेही सणाला घरी गेले. मी रांगत आत शिरलो आणि दाराच्या खुणा कोळशानं आखायला लागलो. आत खरंच गार आहे की श्रावणामुळे गार आहे, याचा विचार करत होतो, तेवढ्यात बाहेर बांगड्यांचा आवाज आला.

गावातल्या पंधरावीस बाया लाह्या, दूध, हळदकुंकू घेऊन ओढ्याकाठी आल्या होत्या. पुढे अंबाबाई. वय सत्तरीच्या पुढे, शब्द गावात शेवटचा. मी भोकाला डोळा लावला.

"वारूळ कुठं गेलं गं?" कुणीतरी म्हणालं.

तिथे खड्डा होता. पावसाचं पाणी साचून त्यात बेडूक बसले होते. एकीनं पदर डोळ्यांना लावला. तिची पहिलटकरीण लेक माहेरी आली होती, तिच्यासाठी ती नवस फेडायला आली होती. त्या क्षणी मला खरोखर वाईट वाटलं. बाहेर जाऊन सांगावं असं वाटलं. पण रांगत, पाय आधी काढून, पंधरा बायांसमोर बाहेर पडणारा माणूस कबुली देताना कसा दिसेल, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी जागचा हललो नाही.

"रडू नका," अंबाबाई म्हणाली. ती खड्ड्यातली माती बघत होती, मग माझ्या घराकडे बघू लागली. जवळ येऊन तिनं भिंतीला हात लावला, चिमूटभर माती खरवडून वास घेतला. "हीच माती. सोयरा घर बदलतो, तेव्हा आपन त्याच्या नव्या घरी जातो का जुन्या? माती जिथं, देव तिथं. पूजा हिथंच करा."

आणि त्यांनी सुरुवात केली. अकरा भोकं होती, अकराही भोकांना कुंकू लागलं. खालच्या चार भोकांतून लाह्या आल्या, वरच्या भोकांतून दूध. मी कुठेही सरकलो तरी कुठलं तरी भोक माझ्या डोक्यावर असायचंच, कारण हवा सगळीकडे सारखी खेळावी म्हणून मीच ती तशी योजली होती. दूध मानेवरून सदऱ्यात उतरलं. तेवढ्यात कुणीतरी ओंजळभर हळद उधळली. मी नाक दाबलं, श्वास कोंडला, शाळेतल्या इन्स्पेक्टरचा चेहरा आठवला. काहीएक उपयोग झाला नाही. मला शिंक आली.

माझी शिंक मुळात लहान नाही. पण ती अकरा वाटांनी एकदम बाहेर पडली, आणि वाटा निमुळत्या असल्यामुळे प्रत्येक वाटेनं फुत्कार होऊन गेली. कुंकू, हळद आणि लाह्या उडून बायांच्या तोंडावर बसल्या. घराचा वायुमार्ग उत्तम चालतो, याचा हा पहिला पुरावा.

बाहेर सगळ्या, नागोबाच फुत्कारला म्हणून, जमिनीवर डोकं टेकून होत्या. दुसरी शिंक आली तेव्हा अंबाबाईनं डोकं वर केलं. तिच्या घरात चार मुलगे, नऊ नातू होते. माणसाची शिंक तिला ओळखता येत होती.

"कोन रं आत?"

मी बाहेर आलो. पाय आधी. अंगावर दूध, केसांत लाह्या, हातात पहार. आणि समोर, माझ्यासाठी पंचमीची पुरणाची दिंडं फडक्यात बांधून आणलेली इंदू उभी.

"मास्तर, तुमी आत काय करत व्हता?" अंबाबाईनं विचारलं.

"घर बघत होतो. माझं घर आहे हे."

"माती कुनाची?"

मी जैतूकडे बघितलं. तो केव्हा येऊन दगडावर बसला होता कोण जाणे. "मी सांगितलं व्हतं," तो म्हणाला. मग मी सगळं सांगितलं. मासिक, गार हवा, लाळ, फोड, सगळं. माझ्याकडून 'चुकलो' हा शब्दही गेला. तो मी शाळेत कधी वापरत नाही.

अंबाबाईनं ऐकलं आणि निवाडा दिला. पुजलेल्या वारुळाला पहार लागत नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. दार नाही, खिडकी नाही. "आता हे देवाचं," ती म्हणाली. मी म्हणालो, "पण आम्हाला पौर्णिमेला खोली सोडायची आहे. हिला कुठे नेऊ?" इतके दिवस जे मी स्वतःशीही बोललो नव्हतो ते बोललो होतो.

अंबाबाई इंदूकडे वळली. "बाय, तू खरं सांग. तुला ह्या घरात ऱ्हायचं व्हतं का?"

इंदूनं घराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. अकरा वर्षांत तिनं माझ्या कुठल्याही चित्राला वाईट म्हटलेलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "त्याला कोपरा नाही."

बाया हसल्या नाहीत. त्यांनी माना डोलावल्या, आणि ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

"देवानं तुझं घर घेतलं," अंबाबाई तिला म्हणाली, "तर तुला घर देनं गावावर आलं."

दुसऱ्या दिवशी लावणीतून मोकळी झालेली माणसं आमच्या त्याच जागेवर आली. प्रत्येक घरातून कारवीच्या काड्यांची एकेक मोळी आली, अंबाबाईच्या मोडक्या गोठ्याची कौलं आली. जैतूनं भिंतींसाठी कारवीचे कूड विणून उभे केले, दोन्ही बाजूंनी शेणमाती सारवली. आठ दिवसांत घर झालं. मला त्यांनी कौलं मोजायला बसवलं होतं. गजाभाऊंनी देखरेख केली, पण कुणी त्यांना काही विचारलं नाही, म्हणून ते नाराज होते. कारवीच्या फटींतून वारा हलकेच आत येत होता, छपराखालून बाहेर जात होता. मी जैतूला विचारलं, ही युक्ती कुणाची? तो म्हणाला, "युक्ती कसली? घर हाय."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी इंदू आत गेली ती हातात केरसुणी घेऊन. ईशान्येचा सोडून बाकीचे तिन्ही कोपरे तिनं पाहिले, एक पसंत केला, केरसुणी उभी केली आणि ती पडते का, हे बघत बराच वेळ उभी राहिली. पडली नाही. मग ती पदरानं डोळे पुसत चूल पेटवायला गेली. मला तिच्याशी काही बोलायचं होतं, पण मी पाणी आणायला गेलो.

भाद्रपदात लडकूराव नोंदीला आले. पुस्तक उघडलं, टाक बुडवला. चार भिंती बघून त्यांचा चेहरा फुलला. "उत्तरेस रस्ता. दक्षिणेस ओढा. पश्चिमेस अंबाबाईंचे शेत." मग ते दुसऱ्या बाजूला जाऊन थबकले. तिथे माझी कलाकृती उभी होती, कुंकवानं माखलेली. त्यांनी लिहिलं, "पूर्वेस नागोबाचे वारूळ."

"ते मी बांधलेलं आहे," मी म्हणालो.

"वारूळ कोणी बांधलं हे लिहीत नाहीत, मास्तर. रकाना नाही."

आत खरोखर गार आहे की नाही, हे मला तोवर कळलं नव्हतं, आणि कळण्याचा मार्गही उरला नव्हता. पुढच्या वैशाखात मात्र एक मोठी धामण वारुळात राहायला आली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, ते पूर्वी मी फक्त आमच्या मेव्हण्याबद्दल म्हणत असे. दुपारी कावळेसुद्धा चोच उघडून बसलेले असायचे, तेव्हा ती तिसऱ्या भोकातून डोकं काढून बाहेरच्या उन्हाकडे बघायची आणि पुन्हा आत जायची. महिनाभर ती हलली नाही.

जैतू एकदा माझ्या शेजारी उभा राहून तिच्याकडे बघत होता. "आत गार असंल मास्तर," तो म्हणाला. "नायतर ती ऱ्हायली नसती."

माझ्या कामाचा एवढाच दाखला मला मिळाला. तो मी कचेरीत नेला नाही. लडकूरावांनी त्यावर धामणीची सही मागितली असती.